पोरीचं पान आणि आपलं भांडण

कौसा, त्या दिवशी आपण दोघांनीच कुरडया घातल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी कधी चिकाच्या पातेल्याजवळ उभा राह्यलो नव्हतो. ते बायांचं काम. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं, सगळ्या मिळून करायच्या. तू आदल्या दिवशी घरोघर सांगून आल्तीस. सकाळी चूल पेटवलीस, पातेलं चढवलंस आन् दाराकडं बघत बसलीस. समोरच्या शोभाबाईनं दार उघडलं, सडा टाकला, आपल्याकडं बघितलं आन् दार लावून घेतलं. बाकीच्यांनी तर दार पण उघडलं न्हाई.

तू म्हणालीस, "उठा. चीक काय कुणाची वाट बघत न्हाई."

मी हाटायला घेतलं. दोन मिनिटांत खांदे भरून आले आन् चिकात गुठळ्या. तू माझ्या हातातला दांडा हिसकून घेतलास. "गिरणीत एवढ्या माणसांवर मुकादमी केली म्हणता, आन् एक पातेलं हलंना तुमच्यानं?" मंग गच्चीवर प्लास्टिक अंथरलं. मी सोऱ्या पिरगाळायचो, तू हात फिरवायचीस. मधी म्हणालीस, "आता तुम्ही घाला एक." मी घातली. तू कमरेवर हात ठेवून बघत राह्यलीस. "ही कुरडई हाय का गांडूळ?" आन् हसायला लागलीस ते खोकला येईपर्यंत हसलीस.

ऊन वर आलं तेव्हा शोभाबाईच्या गच्चीवर सगळ्या बाया जमलेल्या दिसल्या. त्याच, ज्यांना तू सांगून आल्तीस. त्यांचे पापड चालले होते. तू कठड्यापाशी उभी राहून बघितलंस. मला वाटलं आता रडती. तू म्हणालीस, "शोभीच्या हाताला मीठ जास्त असतंय. खाऊ द्या खारट." आन् खाली बसून कामाला लागलीस. पण त्यानंतर तू हसली न्हाईस. ते मी बघितलंय.

आता तुला हे सगळं ठाऊकच आहे. तरी मी लिहून राह्यलोय, कारण एकट्याच्या डोक्यात ते मावत न्हाई. घरात अजून सुतक आहे. वंदी आत पडलीय. मी चौथी शिकलेला माणूस, वंदीनं दिलेल्या कोऱ्या कागदांवर लिहितोय. चुकलं तर तू काय वाचणार हायस.

बाया का आल्या न्हाईत, तर वंदीच्या त्या इंटरनेटवरच्या पानापायी. आपली पोरगी कॉलेजात शिकवते, अजून कायम झालेली न्हाई, दर वर्षी नवी ऑर्डर. तिच्याकडं पोरांचे प्रकल्प तपासायला येतात. पोरांनी गावात हिंडायचं, लोकांना विचारायचं, पाणी, कचरा, झाडं बघायची आन् आपल्या शब्दांत लिहून आणायचं. पण लिहितो कोण? बाजारात एक दुकान. तिथं तयार प्रकल्प मिळतो. वरचं पान बदलायचं, आपलं नाव टाकायचं, जमा करायचं. सगळ्यांना माहीत. मास्तरांना माहीत, पोरांच्या आईबापांना माहीत. मला पण माहीत होतं. मला त्यात काही वाटत न्हवतं, हे मी तुला तोंडावर सांगितलं होतं.

शोभाबाईच्या संतोषनं तसाच एक आणला. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला गर्दी होते, तिथल्या कचऱ्यावरचा. वंदीनं त्याला विचारलं, "राजूरला कधी गेला होतास?"

"न्हाई मॅडम. पण आमचा नवस हाय तिथं."

मंग तिनं शेवटचं पान काढून त्याच्यापुढं धरलं. ज्यांनी मदत केली त्यांचे आभार मानायचे ते पान. त्यात लिहिलेलं, 'माझे पती व सासूबाई यांनी घरकाम सांभाळून मला वेळ दिला.' वंदीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तू पोळी तव्यावर ठेवून बाहेर आलीस. "संत्याचा नवरा?" पोळी करपली. त्या रात्री आपण तिघं जेवताना नुसतं एकमेकांकडं बघितलं तरी हसू फुटत होतं. मी पण हसलो. कोणत्या तरी लग्न झालेल्या पोरीनं कधीकाळी राजूरला जाऊन खरंच मेहनत केली असंल, आन् तिचं ते लिहिलेलं किती वर्षं दुकानातून विकलं जात होतं. वंदी म्हणाली त्या साली तिच्याकडं तसे ढीगभर आले. सगळ्यांना पती आन् सासूबाई.

हसून सोडलं असतं तर काही झालं नसतं. पण ती तुझी पोरगी.

तिनं ते इंटरनेटवरचं पान सुरू केलं. बसस्टँडकडच्या नेट कॅफेत जायची, तासाचे पैसे भरायची आन् लिहायची. प्रकल्प कसा करायचा. लोकांना काय विचारायचं. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर हे त्याचं आहे म्हणून कसं सांगायचं. न्हाई जमलं तर न्हाई जमलं असं कसं लिहायचं. खाली पोरापोरींनी नाव न सांगता प्रश्न टाकायचे आन् हिनं उत्तर द्यायचं. परतूर, अंबड, भोकरदन, कुठनं कुठनं पोरं विचारायला लागली. तुला त्या नाव न सांगायचं फार कौतुक. "आवो, पोरी विचारून राह्यल्यात म्हणं. वर्गात तोंड उघडत न्हाईत, तिथं विचारतात." तू ते पान कधी बघितलं न्हाईस. मी पण न्हाई. तू वंदीला विचारायचीस, "आज कुणी काय विचारलं?" जशी कुणाच्या घरची ख्यालीखुशाली विचारावी. मला राग यायचा. चहा गार करून तुम्ही दोघी त्या न दिसणाऱ्या पोरींच्या गप्पा मारत बसायच्या.

मंग तिनं तो आभाराचा मजकूर पानावर टाकला. कुणाचं नाव न्हाई, दुकानाचं नाव न्हाई. फक्त दोन प्रकल्पांचे शेवटचे कागद शेजारी शेजारी, दोन्हींत पती, दोन्हींत सासूबाई, आन् खाली लिहिलं, आभार तरी स्वतःचे माना. जालन्यात ते वाऱ्यासारखं पसरलं. चहाच्या टपरीवर पोरं एकमेकांना विचारायला लागली, "काय रे, सासूबाई बऱ्या हायत का?" संतोष चौकातून मान खाली घालून जायचा. त्यात वंदीनं त्याचा प्रकल्प परत केला, पुन्हा लिही म्हणून. शोभाबाई आपल्या दारात येऊन बोलली, "तुमच्या पोरीला पोर न्हाई ना बाळ, दुसऱ्याच्या लेकराचं तिला काय?" तू तिला पाणी दिलंस. ती ते न पिता गेली.

आन् ते दुकान कुणाच्या मेव्हण्याचं, हे मला आधीपासून माहीत होतं. कॉलेजच्या संस्थेतले एक साहेब आहेत, त्यांच्या. नाव लिहीत न्हाई, उगं भानगड नको. बघ, इथं कागदावर पण मी भिऊन राह्यलोय.

पहिल्यांदा स्कूटीचं सीट ब्लेडनं फाडलं. वंदी म्हणाली कुणी वांड पोरानं केलं असंल. मी त्या फाटलेल्या जागेत बोट घालून बघितलं. एकदम सरळ रेघ. घाईत केलेलं न्हवतं. मंग फोन यायला लागले. उचलला की कुणी बोलायचं न्हाई, नुसता श्वास. मी उचलला तर लगेच ठेवून द्यायचो. तू उचलायचीस आन् म्हणायचीस, "बोल रे बाबा. जेवलास का? आई बरी हाय का तुझी?" एकदा पलीकडनं खट्कन ठेवला तर तू मला म्हणालीस, "लाजला." मला हसू यायचं न्हाई कौसा. मला वाटायचं ही बाई येडी आहे. मंग समोरच्या कोपऱ्यावर एक मोटरसायकल उभी राहायला लागली. पोरगी घरी यायच्या टायमाला. वर बसलेला कुणी उतरायचा न्हाई. वंदी आत आली की चालू करून निघून जायचा. मी खिडकीच्या पडद्याआडनं बघायचो. वंदीला पाच मिनिटं उशीर झाला की मी आतबाहेर फेऱ्या मारायचो, आन् तू भाजी निवडत बसलेली.

कुरडया घातल्या त्या दिवशी सांजच्याला पुन्हा फोन वाजला. तू उचललास. "बोल रे" एवढंच म्हणालीस. पुढं तू ऐकत राह्यलीस. या खेपेला पलीकडचा बोलत होता. तू हळूच फोन ठेवलास. पदराला हात पुसलास, हात ओला नसताना.

मी म्हणलं, "कोण व्हतं?"

"राँग नंबर."

"कौसे, मला सांग."

"म्हणलं ना राँग नंबर."

मंग माझा तोल गेला. मी म्हणलं, तूच चढवून ठेवलीस पोरीला. सारी दुनिया नकला करते, करू दे. आपली पोरगी काय दुनियेचा ठेका घेऊन आली? उद्या नोकरी जाईल, हातपाय मोडतील कुणी, मंग ती नाव न सांगणारी पोरं येणार हायत का दवाखान्यात? गल्लीत तुला एक बाई विचारीना, सकाळी बघितलंस ना? ते पान काढायला सांग तिला. बिलकुल आजच्या आज.

तू सगळं ऐकून घेतलंस. मी थांबल्यावर म्हणालीस, "तुम्हाला काय वाटतं, मी भ्यायले न्हाई?"

मी फोनाकडं बघितलं.

"मी तुमच्याहून जास्त भ्यायलेय. ती येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई. मंग काय करू? दोघांनी मिळून कापत बसलो तर तिनं घरी कशाला यावं?"

मी म्हणलं, "म्हणून म्हणतो, काढायला सांग."

"तुम्ही सांगा. मी न्हाई सांगणार."

बस. एवढंच. त्यानंतर आपण बोललो न्हाई. तू ताट वाढलंस, मी जेवलो, तू भांडी घासलीस. मला वाटलं उद्या पुन्हा काढू विषय. अर्धवट राह्यलेलं भांडण आपल्याला काय नवं. सकाळी उठून आपण तिथूनच सुरू करायचो, जसं दात घासायला मधी थांबलो होतो.

उजाडताना तू छातीला हात लावून बसलेली. म्हणालीस, चीक हाटून हाटून भरून आलंय. मी तेल आणायला उठलो. तेलाची वाटी घेऊन आलो तर तू आडवी. दवाखान्यात नेलं, दुपारच्या आत सगळं आटपलं. डॉक्टर म्हणले, जुनं दुखणं होतं, कधीही झालं असतं. ते म्हणले ते बराबर असंल. पण कौसा, त्या फोनवर तो काय बोलला? ते तू मला सांगितलं न्हाईस, आन् आता कुणी सांगणार न्हाई. मी रोज त्याचे नवे नवे शब्द बनवतो आन् त्यांना भितो.

सांजच्याला तुला पोचवून आलो. घर माणसांनी भरलेलं. आक्का भिंतीला टेकून बसली होती. माझी थोरली बहीण, तिच्या जिभेला कधी हाड न्हवतंच, तुला ठाऊक आहे. वंदी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढून गेली तर आक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "त्या कम्पुटरच्या पानापायी माझी भावजय गेली. पोरीनं खाल्लं आईला." कुणी तिला गप कर म्हणलं न्हाई. शोभाबाई पण होती तिथं. ती खाली बघत होती. मी पण गप बसलो.

मंग ते साहेब आले. हो, भेटायला आले. पांढरे कपडे, हात जोडलेले. माझ्याजवळ सतरंजीवर बसले, माझा हात हातात घेतला. त्यांचा हात फार मऊ आहे. म्हणले, "काका, बाईमाणूस गेल्यावर घराचा खांब जातो. आता वंदनाताईला तुमचाच आधार." मी मान हलवली. ते म्हणले, "तिची ऑर्डर जूनमध्ये निघंल. मी बघतो. तुम्ही फिकीर करू नका. तेवढं ते पान... पोरवयात माणूस लिहितं काहीबाही. तिला म्हणावं, काढून टाक. आईच्या आत्म्याला पण शांती." त्यांनी माझा हात थोपटला आन् गेले. धमकी न्हवती त्यात काही. एक पण वाईट शब्द न्हवता. तरी मी तो हात सतरंजीला पुसत राह्यलो.

वंदीनं ऐकलं होतं. माणसं पांगल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "बाबा, मी उद्या सकाळी जाऊन पान काढून टाकते."

तुला वाटेल मी सुटलो. मला पण वाटलं होतं की हे ऐकलं की छातीवरचं ओझं उतरंल. तेच तर पाहिजे होतं मला. पण तिचा आवाज ऐकला आन् मला जास्त भीती वाटली. ती वाद घालत न्हवती. रडत पण न्हवती. बाजारातून मीठ आणते म्हणावं, तसं ती म्हणाली. आक्का म्हणाली ते तिनं मान्य करून टाकलं होतं. पान काढायचं ते साहेबांना भिऊन न्हाई. तिला वाटत होतं तिनं तुला मारलं, आन् आता त्याचा दंड म्हणून ती ते काढणार होती. आज पान, उद्या नोकरी, परवा काय? मी तिच्याकडं बघत राह्यलो. मोटरसायकलवाला बाहेर असतो, त्याच्यासाठी दाराची कडी तरी लावता येते, हे तर पोरीच्या आत शिरलेलं.

मला आठवलं, जालना जिल्हा झाला त्या साली आपण परतूरकडचं शिवार सोडून इथं आलो. मी तेव्हा पण भ्यालो होतो. शहरात आपलं कोण? तू म्हणालीस, तिथं पोरीला शाळा हाय. एवढं बोलून तू ट्रंक एसटीच्या टपावर चढवायला लावलीस आन् आत जाऊन बसलीस, खिडकीजवळ, वंदीला मांडीवर घेऊन. मी खालीच उभा. कंडक्टरनं घंटी मारल्यावर चढलो. जन्मभर तसंच झालं. तू आधी चढायचीस. मी तुला कधी बोललो न्हाई की बरं झालं तू चढलीस. गिरणीत नोकरी लागली, दोन खोल्या झाल्या, पोरगी शिकली, तरी मी म्हणलं न्हाई. आता म्हणतो, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदी चपला घालायला लागली तशी आक्का ओरडली. "सुतकात पोरगी घराबाहेर? अजून राख सावडायची हाय आन् ही निघाली! लोक शेण घालतील तोंडात."

मी म्हणलं, "मी हाय सोबत."

"तू? तुला लाज हाय का न्हाई?"

"हाय. तू चहा घे."

तिला असं मी आयुष्यात बोललो न्हवतो. आम्ही चालत गेलो, स्कूटी काढली न्हाई. मी दर चार पावलांनी मागं वळून बघत होतो.

कॅफेवाल्यानं नुकतंच शटर वर केलं होतं. माझं भादरलेलं, बिनटोपीचं डोकं बघून तो काय ते समजला आन् पैशाचं काही बोलला न्हाई. वंदी कोपऱ्यातल्या मशीनवर बसली. मी तिच्या मागं उभा राह्यलो. पहिल्यांदा बघितलं मी ते पान. मला वाटलं होतं काय असंल काय न्हाई. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बस. एवढ्यासाठी सीट फाडतात? खाली लहान अक्षरांत बरंच काही होतं.

वंदी म्हणाली, "काढू बाबा?"

मी म्हणलं, "हे खाली काय हाय?"

"प्रश्न. कालपरवाचे. मी उत्तर दिलं न्हाई."

"वाच."

तिनं वाचलं. कुण्या पोरीचं होतं. 'मॅडम, मी दुकानातून आणला नाही. आमच्या गावच्या पाण्यावर स्वतः लिहिला. पण पानं फार कमी भरली. बाकीच्यांचे जाडजूड आहेत. माझा घेतील का? सोमवारी द्यायचा आहे. घरी विचारायला कोणी नाही. लवकर सांगा.'

तिनं डोळे पुसले आन् पुन्हा विचारलं, "काढू?"

कौसा, मी अजून म्हणतो की माझं भिणं चूक न्हाई. जूनमध्ये ऑर्डर निघणार न्हाई, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं. मोटरसायकल दिसत होती. पण सोमवार पण दिसत होता. ती पोरगी कुठल्या तरी गावातनं एसटीनं तालुक्याला येईल, असल्याच एखाद्या कॅफेत पैसे भरून बसंल, आन् तिथं काहीच नसंल. तिला वाटंल आपण चूक केली.

मी म्हणलं, "आधी तिला उत्तर दे."

"आन् मंग काढू?"

"आधी उत्तर दे म्हणलं ना."

ती लिहायला लागली. एकेक बटण बघून, सावकाश. लिहिताना तिची पाठ जरा सरळ झाली. कॅफेवाला मला म्हणाला, "काका, दुसरी मशीन मोकळी हाय, बसता का?" मी म्हणलं, मला त्यातलं काय कळतं. एक खुर्ची दे फक्त.

त्यानं खुर्ची दिली. ती मी उचलली आन् दारात नेऊन ठेवली, रस्त्याकडं तोंड करून. बाहेर रिक्षा, भाजीवाले, येणारे जाणारे. कुणी गाडी लावायला थांबला की तो उतरून जाईपर्यंत मी त्याच्यावरची नजर काढायचो न्हाई. बऱ्याच वेळानं वंदीनं मागनं विचारलं, "बाबा, अजून तीन प्रश्न हायत. घेऊ का?"

मी वळलो न्हाई. म्हणलं, "घे. मी बसलोय."